पुरुषभर उंची

पहाटे पावणेपाच

बॅटऱ्या रात्रीच भरून ठेवलेल्या असतात, तरी मीटर लावून बघितल्याशिवाय एकही गाडीत चढत नाही. एका पॅकमध्ये सहा सेल. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. असे दोन पॅक एकापुढे एक जोडले की ड्रोनला पन्नास व्होल्ट मिळतात. बारांपैकी अकरा सेल सरळ आणि एक मागं पडलेला दिसला, तर ती जोडी आज घरीच. जमिनीवर ती अगदी शहाण्यासारखी वागते. सहा मोटरींनी एका दमात वीज ओढली की तोच एक सेल मान टाकतो, आणि दिवसभरात सगळ्यात जोरानं वीज ओढली जाते ती भरल्या टाकीनं जमीन सोडताना.

चुलतभाऊ पिकअप भरतो. जनरेटर, चार्जर, पाण्याचे कॅन, नोझलांचा डबा, जादा पंखे आणि चार फुटी प्लायवूडचा तुकडा. बघायला येणाऱ्यांना ड्रोन दिसतो, प्लायवूड दिसत नाही. दोन्हींपैकी एक विसरायचंच असेल तर ड्रोन विसरावा. त्यात निदान मोडतोड तरी नाही.

ड्रोन कुठं उडवायची मुभा आहे ते दाखवणारा डिजिटल स्कायचा नकाशा मोबाइलवर बघून घेतो. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, आमचा शिरोळ तालुका तिथून बराच लांब, त्यामुळं बहुतेक रान हिरव्या पट्ट्यात येतं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. उसावर औषध मारणाऱ्याला वीस फुटांच्या वर कामच नसतं.

सहा वाजून दहा

कुरुंदवाडच्या पुढची पाणंद. गणपती नुकतेच गेलेत, पावसानं दोन दिवस उघडीप दिली आहे. आप्पांचा खोडवा डोक्याच्या वर गेलाय आणि पानांवर तांबेरा आणि तपकिरी ठिपके दोन्ही दिसतायत. अशा उसात पाठीवरचा पंप घेऊन माणूस शिरला तर पानं अंग कापतात आणि डोक्याच्या वर मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर येतं. ड्रोनचं इथं कौतुक आहे ते या एका कारणासाठी, बाकी व्हिडिओपुरतं.

आप्पा पाणंदीकडं बोट दाखवतात. "हितनंच उडवा की ओ पायलट. जवळ पडतंय."

"न्हाई आप्पा, हितनं न्हाई."

पाणंद दहा-बारा फुटांची, दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती. आमचा सहा पंख्यांचा ड्रोन पसरला की सात फुटांच्या आसपास जातो. पंख्यांनी खाली ढकललेली हवा त्या भिंतींना आपटून वर चढते आणि पुन्हा त्याच पंख्यांत शिरते. स्वतःच ढवळलेल्या हवेत उभा असलेला ड्रोन डुलतो, खचतो, आणि एका बाजूला सरकला की लांब पानं आत ओढली जातात. शिवाय दोन भिंतींमधून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, म्हणजे उपग्रहही तेवढेच. शेजारी सोयाबीन निघालेला एक तुकडा आहे. थोडं लांब पडतं, नळी ओढायला लागते. तिथंच मांडायचं.

सहा चाळीस

या अर्ध्या-पाऊण तासात जे होतं, त्यावर बाकीचा दिवस चालतो.

आधी जमीन. आमची काळी माती पावसानंतर चिकटते, आणि ड्रोनच्या पायाला चिकटली की सोडत नाही. एक पाय सुटला आणि दुसरा धरून राहिला, तर उचलणारा जोर त्या धरलेल्या पायाभोवती फिरतो आणि ड्रोन वर जायच्या ऐवजी कुशीवर पडतो. हे अर्ध्या सेकंदात होतं, हात पोचत नाहीत. म्हणून प्लायवूड. ताडपत्री अजिबात नको, पंखे फिरले की तिची कड उचलते आणि सरळ पात्यांत जाते. प्लायवूड टाकून त्यावर उभं राहून बघतो. डुगडुगलं तर खालची ढेकळं फोडायची.

मग हात. घडी घातलेले सहा हात उघडून प्रत्येकाचं कडं घट्ट आवळायचं. अर्धवट आवळलेला हात जमिनीवर कळत नाही, हवेत थरथरतो. त्यानंतर पंखे: दोन फुटी, घडीचे. पाती हातानं बाहेर उघडून ठेवतो, नाहीतर सुरू होताना एक पातं आधी उघडतं, एक नंतर, आणि पहिल्याच झटक्यात सगळा सांगाडा हलतो. बोटाच्या पेरानं प्रत्येक पात्याची कड चाचपतो. चीर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते. तीन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात, तीन उलटे. एकमेकांचा पीळ एकमेकांनी मारायचा असतो. बदललेला पंखा चुकून उलट्या जातीचा बसला तर तो हवा खाली ढकलतच नाही, आणि ड्रोन उचलायच्या क्षणी पलटी खातो.

बॅटरी जोडताना ड्रोनला कुणी हात लावायचा नाही, कारण पहिल्या काही सेकंदांत आतला गायरो 'स्थिर म्हणजे काय' हे ठरवत असतो. बघायला जमलेली पोरं नेमकी तेव्हाच जवळ येतात. भाऊ त्यांना बांधावर बसवतो. आप्पा बसत नाहीत, पण मागं सरतात.

उपग्रह भरपूर दिसेपर्यंत आणि परतीची जागा नोंदली जाईपर्यंत थांबायचं. या वेळात टाकीत औषध घालत नाही. दिवसाची पहिली भरारी दोन-तीन लिटर साध्या पाण्यावर. काही बिघडायचंच असेल तर हलकं असताना बिघडावं, आणि सांडलं तर पाणी सांडावं.

मी ड्रोनच्या पाठीमागं, दहा-बारा मीटर लांब. त्याचं तोंड वाऱ्याकडं, शेपूट माझ्याकडं. म्हणजे माझा उजवा तोच त्याचा उजवा. दोन्ही दांड्या खाली आणि आत. पंखे संथ फिरायला लागतात. चार-पाच सेकंद नुसतं ऐकतो. सहा मोटरींचा एक सूर लागला पाहिजे. एखादी खरखरली तर बंद, चर्चा नाही.

आणि मग डावी दांडी निग्रहानं वर.

नवशिका इथं हळूहळू उचलतो. जपून करतोय असं त्याला वाटत असतं, आणि नेमकं तेच धोक्याचं. ड्रोनमधला संगणक दर सेकंदाला चारशे वेळा विचारत असतो, मी सपाट आहे का? जमीन दोन बोटं तिरकी असेल तर उत्तर येतं, नाही. तो एका बाजूच्या मोटरींचा जोर वाढवतो. पण पाय जमिनीवर, वजन अजून पायांवर, त्यामुळं फरक काहीच पडत नाही. मग तो आणखी वाढवतो. चूक सुधारत नाही तोवर सुधारणा साठवत जायची, अशीच त्याची रचना आहे. चिखलात रुतलेल्या गाडीला बैलांनी जोर लावत राहावा आणि चाक अवचित सुटावं, तसं पाय सुटल्या क्षणी हे साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं आणि ड्रोन एका अंगाला झोकांडी खातो. म्हणून अर्धवट उचललेल्या अवस्थेत त्याला क्षणभरही ठेवायचं नाही. एक तर तो जमिनीवर असावा, नाहीतर हवेत.

पहिल्या दीड-दोन फुटांत आणखी एक गंमत असते. पंख्यांची हवा जमिनीवर आपटून उशी तयार होते आणि ड्रोन फुकटात वर उचलल्यासारखा वाटतो. त्याच हवेनं खालचा दाब वाढतो. उंची मोजणारा बॅरोमीटर दाबावरून उंची ठरवतो. दाब वाढला की त्याला वाटतं आपण आणखी खाली आहोत, आणि तो वर चढायला बघतो. धूळ, कुटार, पाचटाचे तुकडे, सगळं याच थरात फिरत असतं. इथं रेंगाळायचं काम नाही. सेकंदभरात पार करून सरळ पुरुषभर उंचीवर थांबायचं.

तिथं दहा सेकंद. दांड्या मध्यात, अंगठे नुसते टेकलेले. आता तो एका जागी राहतो का बघायचं. एका बाजूला संथ सरकत असेल तर समतल बिघडलंय. पिकअपमध्ये आदळआपट झाली की होतं, खाली उतरवून नीट करून घ्यायचं. एका जागेभोवती गोल फिरत मोठ्या मोठ्या गिरक्या घ्यायला लागला तर होकायंत्राला लोखंडानं भूल पाडलीय. थोडं पुढं, थोडं मागं, डावीकडं, उजवीकडं. ऐकतोय. खाली.

"एवढंच?" आप्पा विचारतात.

"एवढंच आप्पा. आता औषध कालवू."

सव्वासात ते साडेनऊ

दहा लिटरची टाकी, एकराला एक टाकी, सात-आठ मिनिटं. पिकाच्या वर दोन-अडीच मीटर ठेवून संगणक ओळीनं जातो. यात माझं काम डोळे उघडे ठेवण्याचं. उसाच्या टोकांवर हवा आपटून पानांची उलटी बाजू दिसते, तिथं औषध पोचतं. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. चांगली फवारणी कंटाळवाणीच असते.

दर टाकीला मात्र एकदा उतरणं आणि एकदा उचलणं. भरल्या टाकीचा ड्रोन जड पण शांत असतो. अर्धी टाकी घेऊन उचलायची वेळ आली तर पाणी आत हिंदकळतं. टाकीत आडवे पडदे असतात, तरी पहिल्या सेकंदाला एक डोल जाणवतोच. दोन-चार गुंठे उरले म्हणून अर्ध्या टाकीवर उचलताना मी दांडी तेवढ्याच निग्रहानं ढकलतो, पण बाजूला वळायची घाई करत नाही. बॅटरीचा पट्टा दर वेळी ओढून बघायचा. बोटभर मागं सरकलेली बॅटरी म्हणजे मागच्या मोटरींवर कायमचा बोजा.

शेवटच्या दोन खेपांना ड्रोनचं नाक उचलताना जरासं उजवीकडं वळलं. वर गेल्यावर सरळ झालं, काम नीट झालं. वहीत एक ओळ लिहून ठेवली.

साडेनऊला हातातल्या मीटरवर वारा सेकंदाला ३ मीटरच्या पुढं गेला. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. अंगाला गार लागतो एवढाच, पण बारीक थेंब शेजारच्या भाजीपाल्यात न्यायला पुरेसा. आप्पांना आणखी एक तुकडा उरकून घ्यायचा होता. संध्याकाळी, म्हणालो. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि चहा मात्र पाजला.

बारा ते अडीच

जनरेटर, चार्जर, सावली. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावत नाही, त्यामुळं दुपार लांबते.

अशाच एका दुपारी मी १९०७ सालच्या एका यंत्राबद्दल वाचलं होतं, ते डोक्यातून जात नाही. फ्रान्समध्ये लुई आणि जॅक ब्रेगे या भावांनी शार्ल रिशे या प्राध्यापकांच्या सल्ल्यानं चार हातांचं, चार पंख्यांचं, माणूस उचलणारं यंत्र बांधलं. ते जमिनीपासून साधारण दोन फूट उचललं. पण चार कोपऱ्यांना चार माणसं ते धरून उभी होती, कारण सोडलं असतं तर ते पालथं झालं असतं. उचलायची ताकद होती, उभं राहायची अक्कल नव्हती. १९२२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज द बोथेझात यांचं चार मोठ्या पंख्यांचं धूड उडालं, पण ते आवरता आवरता वैमानिक थकून जाई. दोन वर्षांनी एतियेन ओमिशें यांनी फ्रान्समध्ये किलोमीटरभराची फेरी पूर्ण केली. त्यानंतर बरीच दशकं लोक एका मोठ्या पंख्याच्या हेलिकॉप्टरकडं वळले, आणि ते शहाणपणाचंच होतं.

ती चार कोपऱ्यांवरची माणसं आज नखाएवढ्या गायरोच्या रूपानं ड्रोनच्या पोटात बसलेली आहेत. मोबाइल आणि खेळण्यांमुळं हे गायरो स्वस्त झाले. २०१० च्या सुमारास हौशी लोक वी या व्हिडिओ खेळाच्या रिमोटमधले सेन्सर काढून घरी ड्रोन बांधत होते, आणि त्यातून निघालेल्या एका प्रणालीचं नावच मल्टीवी पडलं. आमच्या उसावरचं औषध अशा वाटेनं आलंय. ज्यांना ड्रोन म्हटलं की फक्त लढाई आठवते, त्यांना हे सांगावंसं वाटतं.

तीन

शेजारच्या गावच्या बचतगटातल्या एक ताई सरावाला येतात. नमो ड्रोन दीदी योजना केंद्रानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केली. देशभरात पंधरा हजार गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ताईंकडं वैमानिकाचा दाखला आहे. तो दहा वर्षं चालतो. पण प्रशिक्षण सपाट, कोरड्या मैदानावर झालं आणि त्यांचं रान नदीकाठचं, उताराचं.

"दादा, मैदानावर छान उचलायचा ओ. हितं आला की थरथरतोय."

"उचलून दाखवा बघू."

त्यांनी दांडी इतकी अलगद सरकवली की पंखे जोरात फिरायला लागले तरी पाय जागचे हलले नाहीत. ड्रोन एका अंगाला तोलायला लागला. मी "खाली" म्हणालो, त्यांनी लगेच बंद केला. हे त्यांचं खरं कसब. थांबायचं म्हटल्यावर पुरुष पायलट निदान एकदा तरी "होईल, होईल" म्हणतात.

"भीती ड्रोनची वाटतेय की दांडीची?"

"किमतीची," त्या म्हणाल्या.

मग नुसत्या रिमोटवर सराव केला, बॅटरी न जोडता. दांडी मध्याच्या वर एका हालचालीत, 'एक' म्हणेपर्यंत. मग मध्यावर सोडून द्यायची. स्प्रिंगची दांडी आपोआप मध्यावर येते आणि ड्रोन आहे त्या उंचीवर उभा राहतो. वर गेल्यावर लगेच काही करायचं नाही, हात आवरून बघायचं. प्लायवूडच्या उताराकडच्या बाजूखाली दोन विटा सरकवल्या. तिसऱ्या खेपेला ड्रोन सुटला तो सरळ त्यांच्या डोळ्यांच्या वर जाऊन उभा. त्यांचे यजमान मदतनीस म्हणून आले होते. ते टाळ्या वाजवायला लागले तशा ताई त्यांच्यावर खेकसल्या, "आवाज करू नका ओ, मोटरी ऐकायच्यात!"

मला त्यात शिकवायला काही उरलं नव्हतं.

साडेचार ते सव्वासहा

आप्पांचा राहिलेला तुकडा. वारा पडला. या बाजूला बोअर आहे, तिची लोखंडी केसिंग जमिनीच्या वर हातभर दिसते, आणि भाऊ सवयीनं पिकअप अगदी शेजारी लावतो. गाडी मागं घ्यायला सांगितली, प्लायवूडही पंचवीस-तीस पावलं लांब नेलं. सिमेंटच्या ओट्यावरूनही मी उचलत नाही, आत सळ्या असतात. हवेत गेल्यावर लोखंड लांब पडतं आणि होकायंत्र शुद्धीवर येतं, पण उचलतानाच ते चुकलेलं असलं तर उपग्रह सांगतो एक दिशा आणि सुई दुसरी, आणि ड्रोन दोघांचंही ऐकायला जातो.

नाक पुन्हा उजवीकडं वळलं. सकाळपेक्षा किंचित जास्त. जागा बदलली, बॅटरी बदलली, वारा नाही, तरी तेच. म्हणजे रोग अंगातच आहे. पुरुषभर उंचीवर दहाच्या ऐवजी वीस सेकंद उभा ठेवला, स्थिर होता. तुकडा छोटा होता, तो पूर्ण केला आणि त्यापुढचं एक काम उद्यावर टाकलं. फोनवर थोडी बोलणी बसली.

रात्री साडेआठ

टाकी आणि नळ्या तीनदा धुऊन झाल्या. ड्रोनची नोंद लॅपटॉपवर उघडली. सहा मोटरींच्या सहा रेघा. त्या साधारण एकत्र चालायला हव्यात. इथं घड्याळाच्या दिशेच्या तिन्ही वर, उलट्या दिशेच्या तिन्ही खाली, आणि मधली फट दिवसभर रुंदावत गेलेली. संगणक सकाळपासून नाक डावीकडं ओढून धरत होता. जमीन सोडतानाचा पहिला सेकंदच काय तो त्याच्या हातून निसटत होता.

असं झालं की संशय एकाच गोष्टीवर जातो. आमच्या ड्रोनचे हात गोल नळीचे आहेत आणि मोटर त्या नळीला चिमट्यानं धरलेली. चिमटा ढिला झाला की मोटर नळीभोवती हलकीशी फिरते आणि पंखा सरळ वर ओढायच्या ऐवजी थोडा आडवा ओढतो. ड्रोन जमिनीवर ठेवून एका डोळ्यानं समोरासमोरच्या पंख्यांच्या पातळ्या जुळवून बघितल्या. मागचा डावा कललेला. गवंड्याची छोटी लेव्हल मोटरच्या माथ्यावर ठेवली, बुडबुडा मध्याच्या बाहेर. स्क्रू सैल केले, मोटर फिरवून बुडबुडा मधे आणला, स्क्रूला गोंद लावून आवळले. मग शंका नको म्हणून उरलेल्या पाच मोटरीही तशाच तपासल्या. त्या ठीक होत्या.

भाऊ जेवायला बसलाय. बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लागल्यात. उद्या कवठेगुलंदच्या रस्त्याला दुसऱ्या एकांचा ऊस आहे, शेजारी मोकळा तुकडा आहे की नाही ते विचारायला आत्ताच फोन लावतो. लोक नऊला झोपतात.